बोर्गुंडचे लाकडी चर्च

नॉर्वेच्या पश्चिम भागात, लॅरदाल खोऱ्यात उभे असलेले १२व्या शतकातील चर्च. नॉर्वेत शिल्लक राहिलेल्या २८ मध्ययुगीन खांबी चर्चांपैकी सर्वांत कमी फेरफार झालेल्यांत त्याची गणना होते. वर्षवलयांच्या अभ्यासानुसार त्याच्यासाठी पाइनची झाडे ११८०–८१च्या हिवाळ्यात तोडली गेली. हे चर्च संत आंद्रियास (अँड्र्यू) याला अर्पण केलेले आहे.

या बांधणीचे नाव ‘स्ताव’ म्हणजे उभा खांब या शब्दावरून पडले. त्याआधीच्या चर्चांचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत, त्यामुळे ओल लागून ते तळाशी कुजत आणि इमारत फार काळ टिकत नसे. बोर्गुंडच्या सुतारांनी दगडांच्या थरावर आडव्या तुळयांची चौकट बसवली आणि खांब त्या चौकटीवर उभे केले. जमीन आणि लाकूड यांच्यामधला हा वीतभर दगड ही सगळ्या रचनेतली सर्वांत साधी गोष्ट. पण आठ शतके लाकूड टिकले ते मुख्यतः तिच्यामुळे.

भिंतीच्या फळ्या उभ्या असून एकमेकींच्या खोबणीत बसवलेल्या आहेत. मधला भाग उंच, भोवतालची ओवरी ठेंगणी. दगडी बॅसिलिकेचा, म्हणजे उंच मधला भाग आणि बाजूंना ठेंगण्या ओवऱ्या असलेल्या चर्चचा, हा आराखडा सुतारांनी लाकडात उतरवला. खांबांना दोन्ही बाजूंनी चिमट्यासारख्या धरणाऱ्या जोड-तुळया आहेत आणि त्यांच्यामध्ये फुलीच्या आकाराचे आडवे-तिरपे आधार. कोपऱ्यांतले कमानदार आधार खोड आणि मूळ जिथे वळते तिथल्या नैसर्गिक बाकाच्या लाकडातून घेतलेले आहेत. सरळ फळी कापून ते केले असते तर लाकडाचे तंतू तुटून वाऱ्याच्या जोराने ते फाटले असते. जहाज बांधणाऱ्यांनाही हीच युक्ती ठाऊक होती.

बाहेरून पाहिल्यावर एकावर एक चढत गेलेली, लाकडी कौलांनी शाकारलेली छपरे नजरेत भरतात. वरच्या आढ्यांच्या टोकांवर ड्रॅगनची मुंडकी आहेत. आजची मुंडकी बहुधा १८व्या शतकातील असावीत. सगळे चर्च पाइनपासून काढलेल्या डांबराने काळेभोर झाले आहे. हे डांबर पुन्हा पुन्हा लावावे लागते, तसे केले नाही तर ऊन-पावसाने लाकूड उघडे पडते. आत शिरल्यावर अंधार जाणवतो, कारण उजेड मुख्यतः भिंतीत उंचावर असलेल्या लहान गोल झरोक्यांतून येतो. पश्चिमेच्या दाराच्या चौकटीवर एकमेकांत गुंतलेले वेलीसदृश प्राणी कोरलेले आहेत.

चर्चमध्ये रूनिक या उत्तर युरोपातील जुन्या लिपीत कोरलेले लेखही आहेत. त्यांतला एक तोरिर नावाच्या वाटसरूचा: संत ओलाफच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी इथून जाताना हे कोरले, असे सांगून तो नियतीच्या देवतांनी, म्हणजे नॉर्नांनी, आपल्याला भले-बुरे दोन्ही दिले आणि फार कष्ट दिले अशी तक्रार करतो. ख्रिस्ती चर्चच्या लाकडावर जुन्या देवतांचे नाव इतक्या सहजपणे यावे, हे त्या काळाच्या मनाबद्दल बरेच सांगून जाते. शेजारी वेगळा घंटाघराचा मनोराही आहे, तोही मध्ययुगातला.

एके काळी नॉर्वेत अशी शेकडो चर्चे होती. अनेक गेली ती १९व्या शतकात. १८५१च्या कायद्याने चर्चमध्ये त्या भागातील किमान तीन-दशांश लोक मावले पाहिजेत असे ठरले आणि लहान जुनी चर्चे पाडण्यास कारण मिळाले. त्याच्या आधीपासूनच नॉर्वेजियन चित्रकार योहान क्रिस्तियान दाल यांनी ती वाचवण्याची धडपड केली. नॉर्वेतील वांग येथील चर्च तर सुटे करून १८४०च्या दशकात सायलेशियात, आजच्या पोलंडमधील कार्पाच येथे, नेऊन उभे करावे लागले. बोर्गुंडला १८६८ मध्ये शेजारीच नवे चर्च झाले, तरी जुने पाडले गेले नाही. १८७७ मध्ये ते नॉर्वेच्या प्राचीन वास्तू जतन करणाऱ्या संस्थेने ताब्यात घेतले आणि नंतर भर घातलेले काही भाग काढून टाकले. आजही ते त्याच संस्थेकडे आहे.