झटका पायाचा नसतो, मनगटाचा असतो

नवीन मोटरसायकल शिकणाऱ्याचं सगळं लक्ष डाव्या पायावर असतं. गाडीनं आचका दिला की त्याला वाटतं, गिअर नीट टाकला नाही. पायाचं काम खरं तर फार थोडं आहे. झटका बहुतेक वेळा उजव्या मनगटात आणि डाव्या हाताच्या बोटांत तयार होतो, आणि का ते गिअरबॉक्समध्ये डोकावल्यावर कळतं.

आत दोन शाफ्ट असतात. एक क्लचमधून इंजिनाशी जोडलेला, दुसरा चेनमधून मागच्या चाकाशी. दोन्हींवरच्या दातेरी चक्रांच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात. प्रत्येक जोडीतलं एक चक्र मात्र आपल्या शाफ्टवर मोकळं फिरत असतं. गिअर टाकला की शेजारचं चक्र सरकून येतं आणि त्याच्या बाजूचे जाड खुंट या मोकळ्या चक्राच्या खाचांत बसतात. चक्र शाफ्टला बांधलं जातं, ताकद वाहू लागते. कारच्या गिअरबॉक्समध्ये खुंट बसण्याआधी दोघांचा वेग जुळवून घेणाऱ्या कड्या असतात. कॅडिलॅकनं 1928 साली ही सोय आणली. मोटरसायकलची चक्रं छोटी आणि हलकी, त्यामुळे तिथे खुंट थेट खाचेत पडतात. म्हणून गिअर पडताना येणारा ‘टक्’ आवाज ही चूक नाही, उलट गिअर पूर्ण बसल्याची ती खूण आहे.

आता थोडा हिशोब. समजा गिअरबॉक्सचं गुणोत्तर, म्हणजे चाकाकडचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनाकडचा किती वेळा फिरतो ते, पहिल्या गिअरला 2.8 आणि दुसऱ्याला 1.8 आहे. पहिल्यात इंजिन 5000 आरपीएमवर (मिनिटाला 5000 फेरे) असताना तुम्ही दुसरा टाकला. गाडीचा वेग तोच, पण दुसऱ्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन साधारण 3200 वरच हवं. मधले 1800 फेरे कमी व्हायला हवेत, आणि क्रँकशाफ्टसारखी, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्यासारखी, जड वस्तू हुकूम दिल्याबरोबर उतरत नाही. फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे 5000 वर ती 3200 च्या जवळजवळ अडीचपट असते. ही जादा ऊर्जा कुठेतरी जाणारच. क्लच खाडकन सोडला तर ती चाकावर जाऊन गाडीला पुढे ढकलते. हळू सोडला तर क्लच प्लेटा एकमेकींवर घसरत तिची उष्णता करतात. इंजिनाला उतरायला अर्धा क्षण दिला, तर मुळात उरतेच कमी.

उशीर करणंही तितकंच वाईट. रेस पूर्ण बंद करून क्लच धरून बसलात तर इंजिन आयडलपर्यंत, म्हणजे रेस न देता फिरण्याच्या किमान वेगापर्यंत, खाली येतं. मग क्लच सोडताच चाकाला इंजिन ओढून वर आणावं लागतं आणि गाडी मागे खेचली जाते.

कोणती चूक झाली, हे तुमचं डोकंच सांगतं. गिअर वर टाकताना डोकं मागे गेलं, तर क्लच लवकर सुटला किंवा रेस बंदच झाली नव्हती. पुढे झुकलं, तर इंजिन जास्त खाली गेलं होतं. मागे कोणी बसलं असेल तर दुसऱ्या चुकीला त्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर टक्कन आपटतं. याहून नेमकं मापयंत्र मला तरी माहीत नाही.

पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाच आचके जास्त का बसतात, तेही याच हिशोबात दिसतं. चौथ्याचं गुणोत्तर 1.15 आणि पाचव्याचं 1 धरलं, तर 5000 वरून फक्त 4350 च्या आसपास यायचं असतं. शिवाय पहिला-दुसरा या गिअरमध्ये इंजिनाची ओढ चाकापर्यंत जास्त पटीनं पोचते, त्यामुळे लहानशी चूकही मोठी वाटते.

गिअर खाली आणताना सगळं उलट. आता इंजिनाचे फेरे वाढायला हवेत. क्लच दाबलेला असताना मनगटानं रेसला एक छोटा हिसका द्यायचा, गिअर खाली टाकायचा आणि क्लच सोडायचा. हे टाळलं तर इंजिनाला वर खेचायचं काम मागच्या टायरवर पडतं, आणि ओल्या रस्त्यावर तो टायर घसरू शकतो. नवशिक्याला आधी रेस आणि आवाज यांचं नातं कानानं ओळखायला शिकवावं, गिअरचे आकडे नंतर, असं मला मनापासून वाटतं. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरकडे बघायला रस्त्यावरून नजर हटते, कान मात्र मोकळे असतात.

एक तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे: गाडी उभी असताना न्यूट्रलमधून पहिला पडतच नाही. तिथे मनगटाचा दोष नाही. दोन्ही शाफ्ट थांबलेले असतात आणि खुंट नेमका दोन खाचांमधल्या भिंतीवर येऊन टेकलेला असतो. लाथ मारून उपयोग नाही, त्यानं आतले चक्र सरकवणारे फोर्क वाकू शकतात. पायाचा हलका दाब ठेवून क्लच किंचित सोडा. शाफ्ट थोडासा फिरतो, खाच खुंटासमोर येते आणि गिअर पडतो.