औषधांना दाद न देणारा आयटीपी: पार्श्वभूमी

आयटीपी म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचा नाश करते तो आजार. स्टिरॉइडने भागलं नाही की इम्युनोग्लोब्युलिन, इथवरचा त्याच्या उपचारांचा क्रम बहुतेकांना ठाऊक असतो. पेच पडतो तो त्यानंतरही ज्यांचे प्लेटलेट वीस-तीस हजारांच्या वर टिकत नाहीत, त्यांच्या बाबतीत. अशांसाठी १९१६ पासून दीर्घकाळ हुकमी उपाय एकच होता, प्लीहा काढून टाकणं. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना त्याचा टिकाऊ फायदा होतो. मात्र गंभीर जंतुसंसर्गाची टांगती तलवार जन्मभर राहते.

२००९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने व्याख्या ठरवल्या, तेव्हा ‘रिफ्रॅक्टरी’ (उपचारांना दाद न देणारा) हा शिक्का त्याच शस्त्रक्रियेला बांधला गेला. प्लीहा काढूनही आजार हटला नाही किंवा उलटला, आणि रक्तस्रावाच्या धोक्यामुळे उपचार चालू ठेवावे लागत असतील, तरच रुग्ण रिफ्रॅक्टरी. म्हणजे चार औषधं वाया गेली तरी प्लीहा जागेवर असेल तर तो या व्याख्येत बसत नाही. व्याख्या छापून आली तीच मुळी शिळी होऊन, असं म्हणायला जागा आहे. आदल्याच वर्षी अमेरिकेत प्लेटलेटची निर्मिती वाढवणारी रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रोम्बोपॅग ही औषधं मंजूर झाली होती, आणि २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनी तर शस्त्रक्रिया निदानानंतर किमान वर्षभर लांबवावी असंच सुचवलं.

या दोन औषधांआधी एक फटका बसून गेला होता. १९९४ मध्ये थ्रोम्बोपोएटिन हे प्लेटलेट तयार करायला लावणारं शरीरातलं संप्रेरक सापडलं आणि त्याची कृत्रिम आवृत्ती निरोगी स्वयंसेवकांना टोचून पाहिली गेली. काहींच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, ती त्यांच्या स्वतःच्या थ्रोम्बोपोएटिनवरच उलटली आणि धडधाकट माणसांचे प्लेटलेट घसरले. म्हणून रोमिप्लोस्टिमची रचना मूळ संप्रेरकाशी साम्य नसलेली ठेवली. आठवड्याला एक इंजेक्शन. एल्ट्रोम्बोपॅग तर साधा लहान रेणू, तोंडाने घ्यायची गोळी. फक्त दूध, दही, कॅल्शियमच्या गोळ्या तिचं शोषण अडवतात, त्यामुळे ती त्यांच्या दोन तास आधी किंवा चार तासांनंतर घ्यावी लागते. गोळी लागू पडत नाही अशी तक्रार आली की आधी हे विचारावं.

रिटुक्सिमॅब मूळचं लिम्फोमाचं, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचं औषध. आयटीपीसाठी ते मंजुरीबाहेरच वापरलं जातं आणि गुण आला तरी अनेकांत तो काही वर्षांत ओसरतो. २०१८ मध्ये मंजूर झालेलं फोस्टामॅटिनिब वेगळ्या वाटेने जातं: प्लेटलेट गिळणाऱ्या पेशींना आतून मिळणारा इशाराच ते तोडतं. त्याच्या चाचण्यांत प्लीहा काढलेले आणि न काढलेले, दोन्ही रुग्ण एकत्रच घेतले होते.