रातांब्याच्या आम्लाची गोळी कशी झाली

वजन घटवणाऱ्या हर्बल गोळ्यांच्या बाटलीवर ‘गार्सिनिया’ हा शब्द वाचून तो परदेशी वाटतो, पण ते आपल्या रातांब्याचंच कूळ आहे. रातांबा म्हणजे गार्सिनिया इंडिका. त्याची साल खारवलेल्या रसात बुडवून वाळवायची, असं पुन्हा पुन्हा केलं की आमसूल होतं. बाटलीत मात्र बहुधा त्याचा दक्षिणेतला भाऊबंद असतो, गार्सिनिया कम्बोजिया. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी हीच.

या फळांतलं मुख्य आम्ल सायट्रिक किंवा टार्टारिक असावं असा जुना समज होता. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी 1965 साली तो खोडून काढला. कुडमपुळीतलं प्रमुख आम्ल वेगळंच होतं: हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल, म्हणजेच एचसीए. हा शोध आपल्या देशातला आणि अस्सल. गोळ्यांच्या जाहिरातींनी त्याला झाकोळून टाकलं, याचं मला वाईट वाटतं.

1969 मध्ये अमेरिकेत वॉटसन, फँग आणि लोवेनस्टाइन यांनी दाखवलं की एचसीए एका विकराला अडवतं. जादा साखरेपासून पेशीत चरबी तयार होताना हाच विकर सायट्रेट तोडून कच्चा माल पुरवतो. सत्तरच्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले. त्यांच्यात चरबीची निर्मिती घटली, खाणंही कमी झालं. ‘चरबी बनणं थांबवते’ हे बाटलीवरचं वाक्य इथून आलं.

गोम अशी की उंदराचं शरीर साखरेची चरबी सहज करतं. माणसाच्या रोजच्या आहारात हा मार्ग फार चालत नाही. अंगावर साठते ती मुख्यतः ताटातल्या तेलातुपातून आलेली चरबी. जो दरवाजा माणसात मुळात किलकिलाच असतो, त्याला कुलूप लावून किती फरक पडणार?

तरीही धंदा उभा राहिला. अमेरिकेत 1994 साली पूरक आहाराचा कायदा आला आणि अशी उत्पादनं गुणकारी असल्याचा पुरावा विक्रीपूर्वी सरकारला देण्याची गरज उरली नाही. खरी परीक्षा त्यानंतर झाली. 1998 मध्ये हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी 135 स्थूल व्यक्तींचे दोन गट केले. एका गटाला 12 आठवडे रोज 1500 मिलिग्रॅम एचसीए दिलं, दुसऱ्याला औषध नसलेली हुबेहूब गोळी. कमी उष्मांकाचा, चोथायुक्त आहार दोघांनाही. एचसीए घेणाऱ्यांचं वजन सरासरी 3.2 किलो उतरलं, नुसत्या गोळीवाल्यांचं 4.1 किलो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा नव्हता. ‘मी गोळ्या घेतल्या आणि वजन उतरलं’ असं कोणी सांगतं तेव्हा मला हा दुसरा गट आठवतो. 2011 मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तर एचसीएच्या बाजूने जेमतेम 0.88 किलोचा फरक दिसला, आणि फक्त काटेकोर चाचण्या धरल्यावर तोही टिकला नाही.

अपायाची बाजू हळूहळू पुढे आली. 1 मे 2009 रोजी अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने ‘हायड्रॉक्सीकट’ नावाची वजन घटवणारी उत्पादनं न वापरण्याचा इशारा दिला. त्यांच्याकडे गंभीर त्रासाच्या 23 तक्रारी आल्या होत्या, मुख्यतः यकृताच्या, आणि त्यात एक मृत्यू होता. माल बाजारातून परत घेतला गेला. त्यात अनेक घटक असल्यामुळे सगळा दोष गार्सिनियावर टाकता येत नव्हता. मग तिथल्या यकृतइजेच्या नोंदी ठेवणाऱ्या संशोधकांनी 2022 मध्ये गार्सिनियाशी निगडित रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांच्यापैकी अनेकांमध्ये एचएलए-बी*35:01 हा जनुकप्रकार आढळला. ग्रीन टीच्या अर्कामुळे यकृत बिघडलेल्यांतही तोच सापडतो, आणि हे दोन अर्क कित्येकदा एकाच गोळीत असतात.

सोलकढीच्या वाटीला घाबरायचं कारण नाही. तिच्यात आमसुलाचं पाणी असतं. गोळीत असतो आटवलेला अर्क, तोही रोज, महिनोन्‌महिने. म्हणून बाटली हातात घेतली की एचसीए किती मिलिग्रॅम आहे ते पाहा. ‘विशेष मिश्रण’ एवढंच लिहून घटकांची वेगवेगळी मात्रा लपवली असेल, तर ती बाटली परत ठेवा. आणि गोळ्या चालू असताना अन्नावरची वासना गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्या लगेच बंद करून बाटलीसकट डॉक्टरांकडे जा.