बिल आजोबांच्या नावावर, छत भावकीचे: कोकणात सूर्यघर योजनेचा अर्ज कुठे अडतो

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठी केंद्र सरकार पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ही योजना एक कोटी घरांसाठी असून तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. राष्ट्रीय पोर्टलवरचा अर्ज मोबाइलवरूनही सहज भरता येतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या गावांतले अर्ज अडतात ते बहुतेक वेळा वीजबिलावर छापलेल्या नावापाशी. त्या नावाचा निकाल लागल्याशिवाय विक्रेत्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नये, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत. अर्जदार भारतीय नागरिक असावा, पॅनेल बसवण्याजोगे छत असलेले घर त्याच्या मालकीचे असावे, घरगुती वीजजोडणी चालू असावी आणि त्या घराने सौर पॅनेलसाठी आधी दुसरे अनुदान घेतलेले नसावे. थकबाकी असेल तर ती आधी भरावी. यातला ‘घरगुती’ हा शब्द किनारपट्टीवर फार महत्त्वाचा आहे. ज्यांनी घरातच पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आणि पुढे मीटर व्यावसायिक वर्गात करून घेतला, त्यांच्या त्या मीटरवर हे अनुदान मिळत नाही. राहत्या भागाचा घरगुती मीटर वेगळा असेल तर अर्ज त्या मीटरच्या ग्राहक क्रमांकावर करावा. कृषिपंपाच्या बिलावरचा क्रमांक घालून अर्ज करणारेही अधूनमधून भेटतात. पंपासाठीच्या योजना निराळ्या आहेत.

आता नावाविषयी. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणच्या नोंदीतले नाव आपोआप येते आणि ते अर्जदाराला तिथे बदलता येत नाही. कोकणातल्या जुन्या घरांत हे नाव अनेकदा आजोबांचे असते, ज्यांना जाऊन वीस-तीस वर्षे झालेली असतात आणि ज्यांच्या नावाने येणारे बिल घरचे लोक निमूटपणे भरत असतात. नोंदणीच्या वेळी कोणी हरकत घेत नाही, त्यामुळे सगळे सुरळीत आहे असा समज होतो. पुढे नेट मीटरचा (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, अशी दोन्हीकडची वीज मोजणाऱ्या मीटरचा) करार ग्राहकाच्या सहीने करायचा असतो आणि अनुदान वीजबिलावरच्या नावाशी जुळणाऱ्या बँक खात्यात जमा व्हायचे असते. मयत माणूस सही करू शकत नाही आणि त्याचे खातेही चालू नसते, ही गोष्ट पॅनेल छतावर चढल्यानंतर लक्षात येते. हा अडथळा पहिल्याच पायरीवर ठळक अक्षरांत सांगितला असता तर कितीतरी लोकांची परवड टळली असती. तसे होत नाही, म्हणून बिलावरचे नाव आपणच आधी बदलून घ्यावे.

नाव बदलण्याचा अर्ज महावितरणकडे ऑनलाइन किंवा उपविभागीय कार्यालयात करता येतो. त्यासाठी भरलेले अलीकडचे बिल, ओळखपत्र, घराच्या मालकीचा पुरावा, मूळ ग्राहकाचा मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती मागितली जाते. पहिल्या दोन कागदांना अडचण नसते, उरलेल्या तिन्हींना असते.

मालकीचा पुरावा म्हणून लोक हमखास ८-अ चा उतारा आणतात. तो जमिनीच्या खात्याचा उतारा आहे; तो तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, देतात आणि त्यात घराचा उल्लेख नसतो. इथे हवा असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, ज्याला गावात असेसमेंट किंवा घरपट्टीचा उतारा म्हणतात. दोन्हींत आठाचा आकडा असल्याने खिडकीवरचा माणूस ‘आठचा उतारा आणा’ म्हणतो आणि अर्जदार तालुक्याच्या दोन टोकांना खेटे घालतो. त्यात आणखी एक गोम आहे. सातबारावर वारसनोंद झाली म्हणजे घराच्या नोंदीतही वारसांची नावे लागली, असे होत नाही. महसूल खात्याचा फेरफार आणि ग्रामपंचायतीची नोंद या दोन स्वतंत्र वाटा आहेत. घराच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीकडे वेगळा अर्ज द्यावा लागतो. सातबारा अद्ययावत असूनही नमुना ८ वर आजोबाच असलेली घरे थोडीथोडकी नाहीत.

मृत्यूचा दाखला हा दुसरा अवघड कागद. पूर्वी गावात किंवा मुंबईत चाळीतल्या खोलीत झालेल्या मृत्यूची नोंद घरच्यांनी केलेलीच नसते. मृत्यू मुंबईत झाला असेल तर नोंद मुंबई महापालिकेकडे असू शकते, म्हणून आधी तिथे शोध घ्यावा. नुसती गावच्या ग्रामपंचायतीची वही चाळून हातपाय गाळू नयेत. नोंद कुठेच सापडली नाही तर जन्म-मृत्यू निबंधकाकडून अनुपलब्धतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मृत्यूला एका वर्षापेक्षा जास्त काळ झाल्याने जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार दंडाधिकाऱ्याच्या आदेशानंतरच विलंबित नोंद होते. यात महिने जातात. ज्यांना पुढच्या उन्हाळ्यात पॅनेल हवे आहे, त्यांनी हे काम या पावसाळ्यातच सुरू करावे.

तिसरा कागद वारसांच्या संमतीचा. घर सामाईक, भाऊ बोरिवली-डोंबिवलीत, बहिणी आपापल्या सासरी, आणि एकाशी तर बोलणेच बंद. संमती मागायला गेल्यावर समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो घर बळकावण्याचा. म्हणून संमतीपत्राचा मसुदा स्वच्छ असावा: वीजजोडणी अमुक व्यक्तीच्या नावावर करण्यास आणि छतावर सौर यंत्रणा बसवण्यास आमची हरकत नाही, घराच्या मालकीतील आमच्या हिश्श्यावर याचा कोणताही परिणाम होत नाही. हे दुसरे वाक्य घातले की निम्मा विरोध मावळतो. सह्या घेण्याचा खरा मुहूर्त गणपतीचा, कारण वर्षातून तेव्हाच सगळी भावकी एका छताखाली येते. आरती झाल्यावर कागद पुढे करावा आणि प्रत्येकाच्या आधारची प्रत त्याच वेळी घेऊन ठेवावी. संमती मुद्रांकावर मागितली तर १०० रुपयांचा जुना स्टॅम्प पेपर वापरू नये. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा दस्तांसाठी किमान मुद्रांक शुल्क ५०० रुपये आहे.

बिल स्वतःच्या नावावर असणाऱ्यांनीही गाफील राहू नये. बिलावर नुसती आद्याक्षरे आणि आडनाव, आधारवर पूर्ण नाव, पासबुकावर वडिलांचे नाव गाळलेले, आणि विवाहितेच्या बाबतीत एका कागदावर माहेरचे आडनाव व दुसऱ्यावर सासरचे, अशा विसंगतीने अनुदान लटकते. बिल, आधार आणि पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. दुरुस्ती पॅनेल बसण्याआधी करणे सोपे असते.

कागद जुळल्यावरची वाट तुलनेने सरळ आहे. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास न करता मंजुरी मिळाली असे समजावे, असा नियम केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला आणि मंजूर भार, म्हणजे जोडणीला ठरवून दिलेली किलोवॉटची मर्यादा, वाढवण्याची गरज असेल तर तो वीज कंपनीनेच वाढवायचा आहे, हेही त्याच नियमात आहे. तरीही ‘आधी भार वाढवण्याचा वेगळा अर्ज करा’ असे सांगून परत पाठवणारी माणसे आहेत. अशा वेळी वाद न घालता वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीचा उल्लेख करून लेखी उत्तर मागावे. लेखी म्हटल्यावर सूर बराच बदलतो.

किती किलोवॉट घ्यावेत, हे विक्रेत्यावर सोडू नये. एक किलोवॉटला सावलीविरहित सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने त्यातून दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. जाहिरातीतल्या ‘३०० युनिट मोफत’चा अर्थ सरकार महिन्याला ३०० युनिट देते असा लावला जातो. प्रत्यक्षात ती वीज आपल्याच छतावर तयार व्हायची आहे, आणि एका किलोवॉटमधून ती कधीही होणार नाही. त्यातून आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते, आणि घराला टेकून माड, आंबा नि फणस उभे असतात. दुपारी पॅनेलवर माडाच्या झावळीची सावली सरकत असेल तर उत्पादन चांगलेच घटते. दर महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असणाऱ्याला एक ते दोन किलोवॉट पुरतात. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी राज्य सरकारची ‘स्मार्ट’ ही पूरक योजना आहे. त्यांनी तिची चौकशी आधी करावी.

विक्रेता पोर्टलच्या यादीतलाच निवडावा. पोर्टलवर अर्ज न करता आधी पॅनेल बसवून मग अनुदान मागणाऱ्यांचे अर्ज फेटाळले जातात. पॅनेल देशांतर्गत बनावटीच्या सेलपासून तयार केलेलेच चालतात. स्वस्त पडतात म्हणून आयात सेलचे पॅनेल घेतले तर वीज मिळेल, अनुदान मिळणार नाही. प्रत्येक पॅनेलच्या मागे चिकटवलेला अनुक्रमांक ते छतावर चढवण्याआधी मोबाइलवर टिपून घ्यावा आणि विक्रेत्याने अहवालात भरलेल्या क्रमांकांशी ताडावा. नंतर त्या उतरत्या कौलांवर चढून क्रमांक वाचायला कोणी तयार होत नाही.

किनाऱ्यावरच्या घरांसाठी इथे थोडे थांबणे भाग आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर-मुरूड पट्ट्यात पत्रे आणि कौले कशी उडवली, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगाड्याच्या मजबुतीविषयी वेगळे सांगायला नको. पॅनेल कौलांवर नुसते टेकवून चालत नाही. आधार भिंतीत किंवा स्लॅबमध्ये पक्का हवा. खाऱ्या हवेने साधे नटबोल्ट लवकर गंजतात, म्हणून सांगाडा गरम जस्त-लेपनाचा किंवा ॲल्युमिनियमचा, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे आणि पॅनेल क्षारयुक्त हवेच्या चाचणीचे प्रमाणपत्र असलेले मागावेत. योजनेनुसार विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करायची आहे, ती करारात लिहून घ्यावी. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस पॅनेल व इन्व्हर्टरवरचा (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रावरचा) जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. दरपत्रक जुन्या दराचे तर नाही ना, हे पाहावे. पैशांची सोय नसेल तर तीन किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेसाठी बँका दोन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज देतात.

तारखांबाबत एक गोंधळ दरवर्षी होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘३१ मार्चला योजना बंद’ असे सांगत दलाल दारोदार फिरतात. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत ठरलेली आहे. दरवर्षीच्या ३१ मार्चला वेगळेच काहीतरी घडते: नेट मीटरवर जमा झालेल्या शिल्लक युनिटचा हिशेब त्या दिवशी बंद होतो आणि उरलेल्या युनिटचा मोबदला वीज कंपनी ठरलेल्या दराने देते. दोन्ही तारखांची सरमिसळ करून घाईने सही करू नये.

यंत्रणा बसली, महावितरणची तपासणी झाली, नेट मीटर लागला आणि पोर्टलवर कार्यान्वयनाचा अहवाल आला, की लोक अनुदानाची वाट पाहत बसतात. ते आपोआप येत नाही. पोर्टलवर पुन्हा प्रवेश करून बँकेचा तपशील व रद्द केलेला धनादेश भरावा लागतो आणि अनुदानाची मागणी नोंदवावी लागते. त्यानंतर साधारण तीस दिवसांत रक्कम जमा होणे अपेक्षित आहे. काही विक्रेते हे सांगत नाहीत, कारण त्यांचे पैसे त्यांना मिळालेले असतात.

वीज गेल्यावर पॅनेलही बंद पडले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना सांगावे लागते की तो बिघाड नाही. तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच थांबतो. अंधारातही दिवे हवे असतील तर बॅटरीचा खर्च वेगळा धरावा. बिलावर स्थिर आकारही येतच राहतो, तेव्हा शून्य बिलाचे आश्वासन देणाऱ्याकडून ते लिहून मागावे. तीस दिवस उलटूनही अनुदान आले नाही, तर पोर्टलवर तक्रार नोंदवून १५५५५ या टोल-फ्री क्रमांकावर अर्जाचा क्रमांक सांगावा, आणि बिलावरचे व पासबुकावरचे नाव पुन्हा एकदा ताडून पाहावे.