लवंडणारी बाटली घरात सापडली आहे?

जाड हिरवट काच, अंड्यासारखं निमुळतं बूड, टेबलावर ठेवली की लगेच आडवी. अशी बाटली आम्हा जुन्या बाटल्या विकत घेणाऱ्यांसमोर पिशवीतून काढताना बहुतेक जण विचारतात, "ही दिव्याची का हो?" एका काकांना ती तोफेचा गोळा वाटली होती! ती सोडावॉटरची बाटली आहे, आणि बूड मुद्दाम तसं केलेलं आहे.

बूच सुकलं की आकसतं आणि गॅस निसटतो. बाटली उभी राहूच शकली नाही, तर पाणी सतत बुचाला लागून राहतं. विल्यम हॅमिल्टन यांच्या १८०९ च्या इंग्लंडमधल्या पेटंटात हेच कारण दिलं आहे. म्हणून संग्राहक तिला 'हॅमिल्टन' म्हणतात.

हा आकार शंभरेक वर्षं चालला, त्यामुळे नुसत्या आकारावरून वय सांगता येत नाही. बाटलीच्या अंगावर साच्याची बारीक उभी रेघ असते. तिच्यावरून नख वर न्या. तोंडाच्या जाड कड्याखाली रेघ हरवत असेल, तर ते तोंड कारागिरानं हातानं घडवलेलं असतं. रेघ थेट काठावरून पलीकडे जात असेल, तर बाटली यंत्रातली, म्हणजे विसाव्या शतकातली. तोंड पत्र्याच्या दातेरी झाकणासाठी केलेलं असेल, तर ती १८९२ च्या आधीची नाही. त्या झाकणाचं पेटंटच त्या वर्षीचं.

उठावाची अक्षरं पुसट असली तर वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा. मात्र ते नाव सहसा सोडा भरणाऱ्याचं असतं, काच ओतणाऱ्याचं नाही. 'मुंबई' वाचलं म्हणून काच मुंबईची ठरत नाही. अशा कितीतरी बाटल्या विलायतेहून येत.

गोटी सोड्याच्या बाटलीबद्दल मात्र थोडं कडू बोलावं लागतं. हायरम कॉड यांची ही युक्ती १८७२ ची. बाटली उलटी धरून भरायची. सरळ करताना गॅसच्या दाबानं गोटी गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट बसते. पण आपल्याकडे या बाटल्या अगदी अलीकडेपर्यंत बनत आल्या आहेत. आजोबांच्या दुकानातली म्हणून आणलेली बाटली पुष्कळदा आपल्याच वयाची निघते. तिचे फार पैसे आम्ही देत नाही, रागावू नका.

घरी धुवायची असेल तर कोमट पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच. आमच्याच हातून एकदा चिकटलेली माती सुटावी म्हणून उकळतं पाणी ओतलं गेलं आणि चांगली बाटली गळ्यापासून बुडापर्यंत तडकली. जमिनीत पुरलेल्या काचेवर इंद्रधनुष्यासारखी पापुद्र्याची झाक येते, तीही घासू नका. ती गेली की परत येत नाही.

फोटो पाठवताना तोंड जवळून, बूड आणि अक्षरं असे तीन वेगळे काढा. उजेड मागून येऊ द्या, म्हणजे काचेतले बुडबुडे दिसतील.