न वाचलेला पाइप

एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला द्यायचं असेल, तर दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ टाकतात. हाच पाइप. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो १९७३ साली आला, बेल लॅब्समधले संशोधक डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे. इतक्या साध्या सोयीचा वापर करून अख्खा सर्व्हर ठप्प करता येत होता, आणि लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, ही वाट २०१६ पर्यंत उघडी होती.

पाइपच्या एका तोंडाने बाइट आत जातात, दुसऱ्याने बाहेर पडतात. वाचणारा मागे पडला तर मधला डेटा कर्नेल स्वतःच्या मेमरीत सांभाळतो. त्यासाठी एरवी ४ केबीची १६ पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) मिळतात, म्हणजे ६४ केबी. पण साध्या युजरलाही एक पाइप १ एमबीपर्यंत वाढवता येतो. आता एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामने, ४,००० पाइप उघडले, सगळे काठोकाठ भरले आणि वाचायला कुणीच ठेवलं नाही, तर ४ जीबी मेमरी अडकून पडते. प्रत्येक पाइप नियमात बसणारा. एका माणसाचे एकूण पाइप किती, हे मात्र कुणी मोजतच नव्हतं.

मेमरी संपली की कर्नेलमधला ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर जागा होतो आणि सर्वांत जड दिसणारी प्रोसेस मारतो. इथे खरा घात होतो. पाइपमधला डेटा प्रोसेसच्या नावावर मांडलेलाच नसतो, त्यामुळे गुन्हेगार हडकुळा दिसतो आणि बळी जातो शेजारी इमानाने चालणाऱ्या डेटाबेसचा. त्याने फारसं सुटतही नाही, कारण अडकलेली मेमरी पाइपमध्येच असते.

हल्ला ‘लोकल’ आहे, म्हणजे मशिनवर आधी खातं हवं, म्हणून अनेकजण असे दोष किरकोळ मानतात. मला ते पटत नाही. एका मशिनवरचे सगळे कंटेनर, म्हणजे प्रोग्राम वेगळे ठेवणारे कप्पे, एकच कर्नेल वापरतात, तिथे शेजारी कोण आहे हे आपल्या हातात नसतं.

सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत या दोषाला सीव्हीई-२०१६-२८४७ हा क्रमांक मिळाला. कर्नेलवर काम करणारे प्रोग्रामर विली तारो यांनी केलेली दुरुस्ती लिनक्स ४.५ मध्ये आली. आता प्रत्येक युजरची पेजेस मोजली जातात. १६,३८४ पेजेस, म्हणजे ६४ एमबी, ओलांडली की नवा पाइप नाकारत नाहीत, फक्त लहान देतात; सुरुवातीला तो एकाच पेजचा असायचा. मला हा निर्णय फार आवडतो: थेट नकार दिला असता तर कितीतरी प्रामाणिक प्रोग्राम जागच्या जागी कोलमडले असते.

तरी त्यातही एक खोच निघालीच. एक पेजचा पाइप पूर्ण भरा, त्यातून एक बाइट वाचा आणि लगेच एक बाइट लिहा. जागा झालेली असते पेजच्या सुरुवातीला, लिहायला हवी असते शेवटी, आणि दुसरं पेज नसतं. लिहिणारा प्रोग्राम तिथेच अडकून बसायचा. म्हणून २०२१ मध्ये एकाऐवजी किमान दोन पेजेस द्यायला सुरुवात झाली.