व्हर्टिओ, स्कझी आणि न दिसणारी डिस्क : पार्श्वभूमी

विंडोजचा इन्स्टॉलर कुठल्या डिस्कवर बसायचं ते विचारतो आणि खालची यादी रिकामी असते. डिस्क जोडलेली आहे, होस्टवर (खऱ्या मशीनवर) तिची फाइल दिसते आहे, पण गेस्टच्या (आत चालणाऱ्या आभासी मशीनच्या) लेखी ती अस्तित्वातच नाही. केव्हीएमवर, म्हणजे लिनक्समधल्या आभासी मशीन चालवायच्या सोयीवर, विंडोज चढवलेल्या प्रत्येकाला हा पडदा पाठ झालेला असतो. मग 'लोड ड्रायव्हर'चं बटण, ड्रायव्हरची (उपकरण ओळखून चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) वेगळी आयएसओ, म्हणजे फाइलरूपातली सीडी, आणि तिच्यातल्या फोल्डरांची गर्दी. हे असं का होतं, याची मुळं २००८ च्या आसपासच्या एका निर्णयात आहेत: व्हर्टिओ नावाची आभासी उपकरणांची सामाईक पद्धत आणण्याच्या. त्यावर नंतरच्या नामकरणाने आणखी गाठी मारल्या.

त्याआधीचं थोडक्यात. मेनफ्रेमवर व्हीएम/३७० आलं १९७२ मध्ये. तिथेही गेस्टला 'डायग्नोज' ही सूचना वापरून डिस्कचं काम थेट खालच्या नियंत्रक प्रोग्रामकडून करून घेता यायचं. आपण खऱ्या मशीनवर नाही हे गेस्टला सांगून टाकायचं आणि त्याचा फायदा उठवायचा, ही युक्ती तितकी जुनी आहे.

पीसीच्या जगाने मात्र सुरुवात उलट्या टोकाने केली. १९९९ पासून पुढची काही वर्षं सगळा भर सोंगावर होता. गेस्टला एखादं जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं कार्ड दाखवायचं: बसलॉजिक किंवा एलएसआय लॉजिकचं स्कझी कार्ड, नाहीतर साधं आयडीई (दोन्ही डिस्क जोडायच्या जुन्या पद्धती). २००३ मध्ये आलेल्या क्यूईएमयू या हार्डवेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने पीआयआयएक्स३ चिपसेटमधला आयडीई कंट्रोलर उचलला. याचा ड्रायव्हर प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात आधीपासूनच असल्यामुळे इन्स्टॉल करताना अडायचं कारण नव्हतं. अडायचं ते नंतर. आयडीईला एक सेक्टर वाचायला सांगायचं तर सेक्टरांची संख्या, पत्त्याचे तुकडे, कुठली डिस्क, कुठला हुकूम असं एकेक रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. खऱ्या मशीनवर हे क्षणाचं काम. आभासी मशीनमध्ये त्यातल्या प्रत्येक लिखाणापाशी गेस्ट थांबतो, हायपरवायझर (आभासी मशीन चालवणारा खालचा थर) जागा होतो, सोंग वठवतो आणि गेस्टला पुन्हा सोडतो. शिवाय दोन चॅनेल, प्रत्येकी दोन उपकरणं, म्हणजे एकूण चारच जागा. सीडी ड्राइव्ह धरून.

स्कझीचं सोंग घेतलं तर वेग थोडा बरा मिळे, पण मग विंडोज एक्सपी आडवं यायचं. निळ्या पडद्याच्या तळाशी एफ६ दाबायची सूचना काही सेकंद झळकायची आणि ती साधली तरी एक्सपीला ड्रायव्हर हवा असे तो फ्लॉपीवरच. आभासी मशीनला आभासी फ्लॉपी जोडण्याचा हा प्रकार तेव्हाही हास्यास्पद वाटायचा. व्हिस्टापासून सीडी आणि यूएसबी चालू लागलं आणि फ्लॉपी सुटली.

२००३ मध्येच झेन या हायपरवायझरने ड्रायव्हरचे दोन तुकडे केले. पुढचा गेस्टमध्ये, मागचा होस्टच्या बाजूला आणि मध्ये दोघांच्या सामाईक मेमरीतलं वर्तुळाकार कोष्टक. सोंग संपलं, गेस्टला आपण कुठे आहोत ते ठाऊक असे. पण त्यासाठी गेस्टचं कर्नलच बदलावं लागायचं, म्हणून विंडोज बाहेर राहिलं. २००५-०६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय आली, न बदललेलं विंडोज धावू लागलं आणि डिस्कसाठी पुन्हा आयडीईच्या दारात येऊन उभं राहिलं. त्यावर उतारा म्हणून जो तो हायपरवायझर आपापला खास ड्रायव्हर देऊ लागला. झेनचा वेगळा, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचा वेगळा, २००९ मध्ये व्हीएमवेअरचा पीव्हीस्कझी वेगळा.

व्हर्टिओ या पार्श्वभूमीवर आलं. केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये शिरलं फेब्रुवारी २००७ मध्ये, २.६.२० आवृत्तीत; व्हर्टिओ जानेवारी २००८ मध्ये, २.६.२४ मध्ये. विचार सरळ होता: प्रत्येक हायपरवायझरसाठी निराळे ड्रायव्हर कर्नलमध्ये भरत बसण्यापेक्षा एकच सामाईक पद्धत ठरवू. गेस्टला दिसायला साधं पीसीआय उपकरण, उत्पादकाचा क्रमांक १एएफ४. आत रांगा. गेस्टने कामं रांगेत मांडायची आणि एकदाच हाक मारायची. डिस्कसाठीचा प्रकार म्हणजे व्हर्टिओ-ब्लॉक. त्यात वाचा, लिहा आणि मेमरीतलं डिस्कवर उतरवा, यापलीकडे फारसं काही नव्हतं. लिनक्समध्ये डिस्कचं नाव झालं व्हीडीए.

माझ्या मते हा निर्णय घेताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे लिनक्स गेस्ट होता. लिनक्सला ड्रायव्हर कर्नलसोबत आपोआप मिळणार होता. विंडोजच्या डिस्कवर मात्र १एएफ४ ला ओळखणारं काहीच नव्हतं आणि विंडोज ११ च्या इन्स्टॉल डिस्कवरही नाही. सोंग टाकून दिलं की वेग मिळतो आणि ओळख जाते. हा सौदा तेव्हा स्वस्त वाटला. त्याची किंमत पुढे वर्षानुवर्षं विंडोज चढवणाऱ्यांनी भरली.

नव्या इन्स्टॉलपेक्षा जास्त त्रास चालू मशीन हलवताना होतो. आयडीईवर नीट चाललेलं विंडोज बंद केलं, डिस्कचा प्रकार बदलून व्हर्टिओ केला, सुरू केलं की समोर निळा पडदा आणि ०एक्स७बी हा कोड: बूटची डिस्क हाती लागत नाही. ड्रायव्हर डिस्कवर कॉपी केलेला असून उपयोग नसतो, कारण किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. बूटच्या पहिल्या टप्प्यात कुठले ड्रायव्हर उचलायचे ते विंडोज रजिस्ट्रीत आधीच ठरवून ठेवतं. त्या यादीत ज्याची 'स्टार्ट' किंमत शून्य नाही तो वेळेवर येत नाही. खऱ्या मशीनच्या बायोसमध्ये आयडीईवरून एएचसीआय या नव्या पद्धतीवर उडी मारल्यावर विंडोज ७ असंच कोसळायचं, तीच गोष्ट ही.

यावरचा तोडगा गावठी आहे आणि म्हणूनच टिकला. मूळ डिस्क आयडीईवरच ठेवायची, एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टिओवर जोडायची आणि विंडोज सुरू करायचं. नवं उपकरण दिसलं की ड्रायव्हर बसवायचा, म्हणजे रजिस्ट्रीतल्या नोंदी होतात. मग मशीन बंद करून खरी डिस्क व्हर्टिओवर न्यायची आणि तो नकली तुकडा फेकून द्यायचा. विंडोज ८ पासून यातही मेख निघाली: कधीकधी एकदा सेफ मोडमध्ये चढून आल्याशिवाय ते मानत नाही. व्हर्ट-व्ही२व्हीसारखी मशीन हलवायची साधनं हेच काम बंद मशीनच्या डिस्कवरच्या रजिस्ट्रीत थेट हात घालून करतात.

लिनक्सवाले यावर हसतात, पण त्यांच्याकडेही कुलूप तेच आहे, फक्त त्याला इनिटरॅमएफएस म्हणतात, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टिम. ज्या मशीनवर ते तयार झालं तिथल्यापुरतेच ड्रायव्हर त्यात भरले असतील, तर व्हर्टिओवर नेल्यावर ते बनवणाऱ्या ड्रॅकटचं काळं शेल समोर येतं. कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये यूयूआयडीऐवजी (कायम ओळख क्रमांकाऐवजी) एसडीए हे नाव लिहिलेलं असेल तर आणखी वेगळी बोंब, कारण डिस्क आता व्हीडीए झालेली असते.

आता नावांकडे. २०१२ मध्ये, लिनक्स ३.४ सोबत, व्हर्टिओ-स्कझी आलं. व्हर्टिओ-ब्लॉकमध्ये प्रत्येक डिस्क म्हणजे एक स्वतंत्र पीसीआय उपकरण, आणि एका पीसीआय बसवर जागा ३२, त्यातल्या काही आधीच भरलेल्या. व्हर्टिओ-स्कझीत कंट्रोलर एकच आणि त्याखाली २५६ टार्गेट, प्रत्येकाखाली हजारो डिस्क. शिवाय खऱ्या स्कझीचे हुकूम जसेच्या तसे खाली पोचत. व्हर्टिओ-ब्लॉकमध्येही ती वाट ठेवली होती, पण २०११ मध्ये असं उघड झालं की पार्टिशनपुरता अधिकार दिलेला गेस्ट त्या वाटेने अख्ख्या डिस्कपर्यंत पोचू शकतो. पुढे व्हर्टिओच्या १.० प्रमाणातून ती वाट गेली. तिसरं आणि रोजच्या वापरातलं कारण ट्रिमचं, म्हणजे पुसलेली जागा परत करण्याचं. गेस्टने फायली पुसल्या तरी होस्टवरची जागा मोकळी होत नसे. व्हर्टिओ-स्कझीतून ते जमे, ब्लॉकमधून नाही.

इथवर ठीक. पण क्यूईएमयूमध्ये 'स्कझी' म्हटलं की आधीपासून एलएसआय ५३सी८९५ए चं सोंग उभं होतं. म्हणजे व्यवस्थापनाच्या पडद्यावर डिस्कपुढे 'स्कझी' लिहिलं, तरी ती नेमकी कोणाच्या हाताखाली आहे ते कंट्रोलरचा वेगळा रकाना पाहिल्याशिवाय कळत नाही. विंडोजच्या ड्रायव्हर डिस्कवर दोन फोल्डर: व्हायओस्टोर आणि व्हायओस्कझी. पहिलं व्हर्टिओ-ब्लॉकसाठी, दुसरं व्हर्टिओ-स्कझीसाठी. एवढं लक्षात ठेवावं तर डिव्हाइस मॅनेजर उघडल्यावर व्हायओस्टोरचं नाव दिसतं 'व्हर्टिओ स्कझी कंट्रोलर'. होय, ज्यात स्कझी नाही त्याच्या नावात स्कझी. आणि ज्यात खरोखर आहे त्याला 'व्हर्टिओ स्कझी पास-थ्रू कंट्रोलर'. याचं कारण विंडोजच्या रचनेत आहे: तिथे असे सगळे ड्रायव्हर स्टोरपोर्ट नावाच्या एकाच चौकटीत बसतात आणि ती चौकट प्रत्येक डिस्कला स्कझीच समजते. कारण समजलं म्हणून दिलासा मिळतो असं नाही. मी स्वतः एक संध्याकाळ 'व्हर्टिओ स्कझी' बसलेलं पाहून निश्चिंत झालो, डिस्क स्कझीवर हलवली आणि ०एक्स७बी घेऊन बसलो. बसलेला होता व्हायओस्टोर. ओळखायची खूण म्हणजे डिस्कचं नाव: व्हायओस्कझीखालच्या डिस्कच्या नावात सहसा क्यूईएमयू येतं, व्हायओस्टोरखालच्या डिस्कच्या नावात व्हर्टिओ.

दोन्हींत चांगलं कोणतं, हा वाद अजून धुमसतो. नवं ते स्कझी, जुनं ते ब्लॉक, म्हणून स्कझी घ्या, असा सल्ला एका काळात सर्रास दिला जाई. त्यातला ट्रिमचा मुद्दा २०१९ मध्येच संपला, लिनक्स ५.० आणि क्यूईएमयू ४.० पासून व्हर्टिओ-ब्लॉकलाही ते येतं. एकापेक्षा जास्त रांगांचं म्हणाल तर लिनक्सच्या नव्या बहुरांगी चौकटीत सर्वांत आधी गेलेला ड्रायव्हर व्हर्टिओ-ब्लॉकचाच, ३.१३ मध्ये, जानेवारी २०१४ ला. मध्ये स्कझीचा थर नसल्याने ब्लॉकची वाट आखूडही आहे. डझनावारी डिस्क किंवा खऱ्या स्कझी हुकमांची गरज असेल तर गोष्ट निराळी. पण सल्ला जुन्या कारणांवर चालत राहिला, एवढं म्हणायला हरकत नाही.

हायपर-व्हीची गंमत वेगळी. तिथल्या पहिल्या पिढीच्या मशीनला बूट करायला आयडीईच लागतं, डेटासाठी स्कझी. यूईएफआयसह (बायोसच्या नव्या अवतारासह) स्कझीवरून बूट होणारी दुसरी पिढी २०१३ मध्ये आली. ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच असल्याने तिथे रिकाम्या यादीचा प्रसंग येत नाही.

अलीकडे गाडी पुन्हा सोंगाकडे वळते आहे, फक्त सोंग बदललं. एनव्हीएमई या एसएसडी जोडायच्या पद्धतीचं पहिलं प्रमाण २०११ चं. त्याची रचनाच रांगांची असल्याने त्याची नक्कल करताना आयडीईसारखे हाल होत नाहीत आणि विंडोज ८.१ पासून त्याचा ड्रायव्हर सोबतच येतो. व्हीएमवेअरने २०१६ मध्ये ६.५ आवृत्तीत आभासी एनव्हीएमई कंट्रोलर दिला, मोठ्या क्लाउडांत डिस्क याच रूपात दिसू लागल्या, क्यूईएमयूतही तो पर्याय आहे. केव्हीएमवर विंडोजची डिस्क एनव्हीएमई म्हणून जोडली तर इन्स्टॉलरच्या यादीत ती पहिल्या फटक्यात दिसते. नेटवर्क कार्ड व्हर्टिओचं असेल तर त्याच्या ड्रायव्हरसाठी मात्र व्हर्टिओची आयएसओ तरीही जोडावी लागते.